मत्स्यव्यवसाय आयुक्तांस साखऱ्याहून खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



हे पत्र आपल्या दप्तरात अर्ज म्हणून दाखल करावे की तक्रार म्हणून, याचा निर्णय आपल्या कारकुनावर सोपवतो. कारण यात मागणे आहे तसे गाऱ्हाणेही आहे, आणि ती दोन्ही अशा माणसाची आहेत की ज्याला शासनाच्या कोणत्याही रकान्यात जागा नाही. मी मच्छीमार संस्थेचा सभासद नाही, तलावाचा मक्तेदार नाही, मत्स्यबीजाचा व्यापारी तर नाहीच नाही. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याच्या साखरा या गावी राहणारा, आणि शेतीच्या कामातून सवड सापडली म्हणजे वेळूची काठी, तंगूस आणि कणकेचा गोळा घेऊन पाण्याच्या कडेला जाऊन बसणारा एक शौकी आहे. असे शौकी गावोगावी दोनचार असतात, त्यांची संघटना नसते, त्यांचा मोर्चा निघत नाही, आणि त्यांच्या हातून एका दिवसात जितकी मासळी निघते तितकी जाळ्यातून निघताना निसटूनही जात असेल. तेव्हा त्यांची दखल घेण्याचे आपणास आजवर प्रयोजन पडले नाही, हे मी समजू शकतो.

आमचा मुलूख पाण्याचा नाही, हे आपण नकाशावरून जाणताच. तरीही पश्चिमेस पूर्णेवर १९६८ साली उभे राहिलेले येलदरी, त्याच नदीवर खाली सिद्धेश्वर, आणि विदर्भाच्या सीमेवर पैनगंगेचे पाणी अडवणारे ईसापूर, अशी तीन मोठी धरणे या टापूत आहेत. नामदेवांचे जन्मगाव म्हणून ज्याची ख्याती आहे त्या नरसीच्या काठाने कयाधू वाहते, म्हणजे पावसाळ्यात वाहते आणि इतर दिवसांत डबक्याडबक्यांनी थांबते. आणि १९७२च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून, माती वाहून लोकांनी जे पाझर तलाव बांधले, त्यांतले काही माळाच्या कुशीत आजही पाणी धरून आहेत. धरणे सर्वांना दिसतात. माझे लक्ष या लहान पाण्यांवर आहे, कारण गळ टाकणाऱ्याला समुद्राची नव्हे, ओळखीच्या पाण्याची गरज असते.

गळ टाकण्याचा हा छंद इंग्रजांनी आणलेला आहे, असा एक समज शिकलेल्या लोकांत आढळतो. तो खरा नाही. ज्या कल्याणीच्या राज्यात आमचा हा प्रदेश एके काळी मोडत असे, आणि जी आज बसवकल्याण या नावाने बीदर जिल्ह्यात आहे, तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास सिद्ध केलेल्या मानसोल्लास या विश्वकोशसदृश संस्कृत ग्रंथात राजाने करावयाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांना आवडणारे खाद्य, दोरी, गळ, काठी आणि मासा लागल्यावर त्याला खेळवण्याची रीत असा सारा विषय एखाद्या अनुभवी माणसाच्या हातचा असावा तसा आलेला आहे. सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्या प्रकरणाचे शास्त्रीय विवेचन केले. नऊशे वर्षांपूर्वी ज्या विनोदाला राजाने अध्याय दिला, त्याला आपल्या खात्याने निदान एक परिपत्रक द्यावे, एवढी अपेक्षा अवास्तव ठरू नये.

आता आमच्या पाण्यात झालेल्या बदलाविषयी. आमच्या नद्यांत खवल्यांच्या माशांची स्थानिक कुळे पूर्वीपासून होती. कर्नल साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात कोळ्याभोयांच्या तोंडची खुद्री, कोलूस, पोटाईल, फुलुंगी ही नावे त्याने शास्त्रीय नावे म्हणून कायम केली, आणि ती अद्याप जगभर चालतात. ज्या रोहूला व मृगळाला आज आपण घरचे समजतो त्यांचे मूळ माहेर उत्तरेकडील मोठ्या नद्यांत. पूर्वी त्यांचे बीज बंगालच्या नद्यांतून गोळा होऊन मातीच्या हंड्यांतून आगगाडीने देशभर जात असे, आणि ते वाटेत किती मरे व किती जगे हे दैवावर असे. या माशांना प्रजननासाठी वाहते, चढते, गढूळ पुराचे पाणी लागते. तळ्याच्या थांबलेल्या पाण्यात त्यांची अंडी पिकतात, पण पडत नाहीत. ही अडचण १० जुलै १९५७ या दिवशी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पोषग्रंथीच्या अर्काची सुई टोचून दूर केली, आणि त्या दिवसापासून मासा हा पावसाच्या मर्जीतून सुटून माणसाच्या हुकमात आला. पाठोपाठ बँकॉकहून सायप्रिनस या माशाची नवी जात आली, १९५९ साली चंदेरा व गवत्या हे मासे आले, आणि मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे शब्द ग्रामपंचायतीच्या ठरावांतून वावरू लागले.

याचा लाभ झाला नाही असे म्हणणारा मी नव्हे. सुकलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर पोट टेकून पाण्यात उतरणाऱ्या भोई-कहारांच्या घरांत त्या बोटुकलीने चूल पेटवली, आणि आठवडी बाजारात गरिबाच्या ताटाला रोहूचा तुकडा परवडू लागला. पण ज्या क्षणी माशाची मोजणी किलोत आणि पाण्याची मोजणी हेक्टरात होऊ लागली, त्या क्षणी पाण्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. सुताच्या जाळ्याच्या जागी आलेले, पाण्यात दिसेनासे होणारे नायलॉनचे जाळे रात्रंदिवस पसरलेले राहते. त्याची आस वर्षागणिक बारीक होत गेली. सांगडीची जागा थर्माकोलच्या तराफ्याने घेतली. २०२५च्या एप्रिलात राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. विजेच्या व कर्जाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच असेल. मात्र त्याने एका जुन्या स्थित्यंतरावर शिक्कामोर्तब झाले: मासा आता पीक आहे, तळे हे रान आहे, आणि पिकात कोणी काठी घेऊन बसला तर त्याला उठवणे हे राखणदाराचे कर्तव्यच आहे. मलाही एका तलावावरून असे उठवण्यात आले. उठवणारा मुलगा सभ्य होता, त्याने मला पाणीही पाजले. त्याच्या हातात मक्त्याचा कागद होता आणि माझ्या हातात काही नव्हते.

शिवाय पीक कोणते घ्यावे हेही गळवाल्याला विचारून ठरत नाही. चंदेरा हा पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून खाणारा मासा; त्याच्यापुढे कणीक टाकली काय किंवा मोती टाकले काय, तो तोंड लावत नाही. तो झपाट्याने वाढतो म्हणून सोडला जातो, आणि कटल्याच्या तोंडचा घास वाटून घेतो. हिमाचल प्रदेशात भाक्राच्या गोविंदसागर जलाशयात तो १९७१ साली अपघाताने शिरला, आणि काही वर्षांतच कटला मागे पडून जाळ्यांत मुख्यत्वे चंदेराच येऊ लागला, हे आपल्या खात्यातील प्रत्येक अधिकाऱ्याने पाठ्यपुस्तकात वाचलेले असेल. पाण्यात मासे पुष्कळ आणि गळाला एकही नाही, अशी अवस्था अलीकडे येते तिचे एक कारण हे आहे.

या छंदात आहे तरी काय, असा प्रश्न आपणास पडला असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ज्वारीचे पीठ आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र मळून त्यात सरकीवरून ओढलेल्या कापसाचे तंतू मिसळावे लागतात, नाहीतर गोळी पाण्यात पडताच विरघळते. ही मळणी चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट आणि मातीच्या गोळ्यापेक्षा सैल असावी लागते, आणि ती साधली की नाही हे बोटालाच कळते. तरंगा म्हणून मोरपिसाची नळी बांधावी, कारण तिच्याइतका हलका आणि प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. मग माशागणिक वेगळे वर्तन दिसू लागते. कटल्याचे तोंड वर उघडणारे, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या पाण्यात असतो आणि नळीला दोन हलके धक्के देऊन मग एकाएकी तिरकस ओढून नेतो. मृगळ तळाशी असतो. सायप्रिनस हा तर चिखल नाकाने उकरणारा. तो आल्याची वर्दी आधी बारीक बुडबुड्यांच्या माळेने मिळते, मग पाण्यात मातीचा ढग उठतो, आणि मग नळी बुडण्याऐवजी किंचित वर उचलली जाऊन आडवी पडते, कारण त्याने गोळी तोंडात घेऊन वर उचललेली असते. या आडव्या पडलेल्या नळीकडे पाहून हात न हलवण्याचा जो संयम लागतो, तो मला शाळेत कोणी शिकवला नाही.

या सर्वाला शांतता लागते, आणि ती केवळ माझ्या मनाच्या समाधानासाठी लागते असे नव्हे. रोहू, कटला, सायप्रिनस या सर्वांच्या कुळात शरीरातील वाताशय आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी चिमुकल्या हाडांची एक साखळी असते. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली तिचे वर्णन केले आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. वाताशयावर आदळलेली ध्वनीची कंपने त्या हाडांतून थेट कानात जातात. म्हणून हे मासे इतर पुष्कळ माशांहून तीक्ष्ण श्रवणाचे आहेत. काठावर टाच आपटली तरी ती त्यांना कळते. असे असता धरणाच्या भिंतीशी रविवारी जी मंडळी मोटारीची दारे उघडी टाकून त्यातून गाणी वाजवतात, बाटल्या दगडावर फोडतात, आणि पाण्यात पाय सोडून मोबाइलवर स्वतःचीच छबी टिपत बसतात, त्यांनी केवळ माझाच दिवस बिघडवलेला नसतो. येलदरीच्या फुगवट्याच्या ज्या कोपऱ्यांत पूर्वी चिटपाखरू नसे, तेथे पाणी उपसणाऱ्या इंजिनांची रांग असते. शेतकऱ्याला ती हवीतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही, सोयाबीन आणि हरभरा माझ्याही घरी पिकतो. पण पूर्वी शांत पाणी शोधण्यासाठी गावाबाहेर पडले की पुरे होई. आता ते मोठ्या धरणावर मिळत नाही, नदीवर मिळत नाही, कारण कयाधूच्या डोहांत हिंगोलीच्या खाली काय काय मिसळते ते नाकालाच कळते. मिळालेच तर ते डोंगराच्या पोटातल्या, ज्याला रस्ता नाही अशा एखाद्या पाझर तलावावर, आणि तोही बहुधा चैत्र लागताच कोरडा पडतो.

याहून वाईट गोष्ट रात्री घडते. जिलेटीनच्या कांड्या, विषारी औषधे, आणि अलीकडे बॅटरीला यंत्र जोडून पाण्यात सोडलेला विजेचा प्रवाह, यांनी एका रात्रीत डोह साफ केला जातो. त्यात बोटभर पिल्लापासून पोटात अंडी असलेल्या मादीपर्यंत काहीच उरत नाही. स्फोटके व विष घालून मासे मारण्यास १८९७च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमानेच मनाई केलेली आहे, म्हणजे कायदा सव्वाशे वर्षांचा झाला. पण तो डोहाच्या काठापर्यंत चालत कधी आला नाही. मृगाच्या पहिल्या पुरात चढणीला लागलेला मासा ओढ्याच्या तोंडाशी आडवा बांध घालून पकडण्याची रीत आमच्याकडे आहे. तीही वाईटच, पण तिच्यात निदान काही निसटत असे.

आता दूरदेशीचे एक उदाहरण देण्याची परवानगी असावी. इंग्लंडमध्ये सायप्रिनस हा आपल्या रोहूसारखा ताटातला मासा राहिला नाही. तो धूर्त आणि अजिंक्य समजला जात असे. १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर याने रेडमायर नावाच्या एका लहानशा, आडवाटेच्या तळ्यात ४४ पौंडांचा म्हणजे सुमारे २० किलोंचा मासा गळाला लावला, आणि तो मारण्याऐवजी लंडनच्या प्राणिसंग्रहालयाकडे पाठवला, जेथे तो १९७१पर्यंत लोकांना पाहायला मिळत होता. त्या एका माशाने एका राष्ट्राला वेड लावले. परिणाम असा झाला की आज तिकडे तळ्याकाठी तंबू ठोकलेले असतात, मासा लागताच शिट्टी देणारी विजेची उपकरणे काठीला लावलेली असतात, आणि वॉकरने ज्या एकांतात तो मासा धरला तो एकांत तिकीट काढूनही मिळत नाही, म्हणून पुष्कळजण फ्रान्सपर्यंत जातात. म्हणजे लोभ त्यांचाही सुटलेला नाही. आमच्या लोभाने मासा संपवला, त्यांच्या लोभाने शांतता. तथापि तेथील एक गोष्ट घेण्याजोगी आहे: पाण्याचा उपभोग जाळ्याशिवायही मोल देऊन घेता येतो, आणि त्या मोलातून पाणी राखता येते, हे त्यांनी सिद्ध केले आहे. धरलेला मासा परत सोडण्याची त्यांची रूढी मात्र मी जशीच्या तशी मागणार नाही. आमच्या घरी मासा शिजतो, आणि शिजावा.

यासाठी इंग्लंडला जाण्याचीही आवश्यकता नाही. मुंबईत १८९१ साली बांधलेल्या पवई तलावावर, स्वातंत्र्यापूर्वी बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन म्हणून सुरू झालेली आणि आज महाराष्ट्र राज्याच्या नावाने चालणारी गळवाल्यांची संस्था वर्षानुवर्षे मासे धरण्याची व्यवस्था पाहत आली आहे. त्या तलावाचे सांडपाण्याने आणि जलपर्णीने काय झाले हा निराळा दुःखाचा विषय आहे, पण तत्त्व राज्यात नवे नाही. आणि ज्यांना संस्थेचे नाव परके वाटते त्यांनी महाड तालुक्यातील वाळण कोंडीचा किंवा वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथील महादेवाच्या डोहाचा दाखला घ्यावा. तेथे देवाच्या धाकाने कोणी जाळे टाकीत नाही, आणि वाळण कोंडीत खडस जातीचे जे मोठाले मासे हातातून मुरमुरे खातात, ते त्या जातीचे मासे इतर नद्यांतून दिसेनासे होत असताना टिकून राहिले आहेत. देवाने जे केले ते सरकारला कागदावर करता येणार नाही असे मी मानत नाही, जरी देवाचा हुकूम अधिक चालतो हे खरे.

म्हणून मागणे असे. प्रत्येक तालुक्यात लहान तलावांपैकी एकच तलाव, आणि प्रयोग म्हणून प्रथम सेनगाव तालुक्यात, गळासाठी राखून ठेवावा. त्याचा ठेका आजच्याप्रमाणेच स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे राहावा. तो काढून कोणा शहरी मंडळाला किंवा हॉटेलवाल्याला देण्याचा विचार कोणी सुचवील तर तो मला मान्य नाही, कारण ज्यांच्या पूर्वजांनी त्या पाण्यात आयुष्य घातले त्यांना काठावर उभे करून पाहुण्यांनी मासे धरावेत, ही व्यवस्था जाळ्यापेक्षा वाईट. केवळ त्या एका तलावाच्या कबुलायतीत असे कलम असावे की भर पावसाळ्यात, म्हणजे प्रजननाच्या महिन्यांत, तेथे कोणीही मासा धरू नये. एरवी जाळे टाकू नये. संस्थेने रोजची चिठ्ठी फाडून गळ टाकू द्यावा, माणशी किती मासे न्यावेत याची मर्यादा संस्थेनेच ठरवावी, लहान मासा परत पाण्यात सोडावा, आणि इंजिन, ध्वनिक्षेपक व बाटली यांना तलावाच्या पाळीवर मज्जाव असावा.

यावर आपले अधिकारी दोन आक्षेप घेतील. पहिला असा की मराठवाड्यातील लहान तलाव उन्हाळ्यात आटतो, तेव्हा न धरलेला मासा तडफडून मरेल. तो आक्षेप रास्त आहे. म्हणून पाणी ठरावीक खुणेखाली गेले की संस्थेला जाळे टाकून उरलेला सर्व मासा काढून घेण्याची मुभा असावी, म्हणजे वर्षाचे पीकही बुडणार नाही. दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. चिठ्ठीच्या पैशांतून मक्त्याची भरपाई होईल असा दावा करण्याइतका मी व्यापारी नाही. पण तलाव एकच आहे, लहान आहे, आणि पहिल्या मुदतीपुरती त्याची ठेका रक्कम माफ केल्याने राज्याचा जमाखर्च कोलमडेल असे मला वाटत नाही. त्या तलावात चंदेरा सोडू नये. रोहू, कटला, मृगळ खुशाल सोडावेत, आणि शक्य झाल्यास आमच्या नद्यांतील मूळच्या जातींचे थोडे बीज आपल्या बीजकेंद्रांतून तयार करवून द्यावे. खडसासारख्या माशाचे बीज लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीने गेली कित्येक दशके तयार केलेले आहे, तेव्हा ते अशक्य नाही, हे आपण माझ्याहून अधिक जाणता.

तलावांचे ठेके पाच वर्षांच्या मुदतीने दिले जातात, आणि ती मुदत संपली की कबुलायत नव्याने लिहिली जाते. आमच्या तालुक्यातील जी कबुलायत आपल्या जिल्हा कार्यालयात यापुढे प्रथम लिहिली जाईल, तिच्या मसुद्यात वरील कलम घालण्याविषयी तेथील अधिकाऱ्यांस लेखी आज्ञा व्हावी, आणि तिची एक प्रत साखरा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यासाठी पाठवावी, ही विनंती.

आपला नम्र,
साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथील एक गळ टाकणारा